येळ्ळूरगडावर, पट्टा न बांधता

बेळगावहून येळ्ळूरला बस आहे. आधार कार्ड दाखवलं की आम्हा बायकांना शून्य रुपयाचं तिकीट मिळतं, तेव्हा पैशाची सबब नव्हती. सबब होती कमरेची. एमआरआयच्या रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’, म्हणजे मणक्यातली चकती फुगलेली, असं आल्यापासून मी कमरेच्या पट्ट्याशिवाय घराबाहेर पडत नव्हते. खाली पडलेला चमचासुद्धा लेकाकडून उचलून घ्यायची.

फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी एक गोष्ट सांगितली आणि माझा रिपोर्टावरचा विश्वासच डळमळला. कंबर दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा मोठा आढावा २०१५ साली आला. त्यात पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांत फुगलेली चकती आणि ८० टक्क्यांत झीज होती. दुखलं म्हणजे काहीतरी तुटलं असं नाही, उलट हालचाल टाळून स्नायू कमकुवत होतात, मग थोड्याशानेही दुखतं आणि भीती वाढते. पायातली ताकद जाणं, जांघेत बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं यातलं काही मला नव्हतं. असतं तर गड कसला, थेट दवाखानाच.

रस्ता गडापर्यंत गेलाय, गाड्या वर जातात. आम्ही चालत निघालो. चढणीवर कमरेत कळ आली तशी मी थबकले. “काय घाबरूलालीस ग?” वहिनी. पावलं छोटी केली, पुढच्या झाडापर्यंत गेले. कळ तेवढीच राहिली, मग कधीतरी विसरलेच.

वर शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा आहे. २०२३ मध्ये दोन पक्षांनी त्याचं दोनदा अनावरण केलं. आमच्याकडे महाराजसुद्धा निवडणुकीतून सुटत नाहीत. तटावरून भात कापून मोकळी झालेली शिवारं दिसत होती, पलीकडे बेळगाव शहर.

खरी परीक्षा सिद्धेश्वराच्या देवळात. कित्येक महिने देवापुढे मी ताठ उभी राहून हात जोडत होते. मॅडमचा गृहपाठ असा: वाकण्याआधी दहापैकी किती दुखेल ते मनात ठरवायचं, मग वाकायचं आणि ताडून पाहायचं. मी आठ धरले. गुडघे टेकले, पाठ गोल होऊ दिली, कपाळ फरशीला लावलं. तेव्हा लक्षात आलं, श्वास मघापासून रोखून धरलाय. तो सोडला. दुखलं तीन, फार तर साडेतीन. उठून पुन्हा वाकले. मागे रांग लागली होती, एक आजोबा म्हणाले, “नवस मोठा दिसतोय!”

उतरल्यावर येळ्ळुरात बासमती घेतला. पाच किलोची पिशवी दुकानदाराने पायाशी ठेवली. वहिनी पुढे सरसावली, मी तिला थांबवलं. यावेळी अंदाज चार धरला होता. पिशवी अंगाशी घेऊन उचलली, बसपर्यंत नेली आणि चढल्यावर चाकावरच्याच सीटवर बसले, दुसरी रिकामी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटऱ्या मात्र चांगल्याच भरल्या होत्या.