बँकॉक: १६ बाटची बोट आणि आमचे बाराशे

साथोर्नच्या धक्क्यावर गळ्यात ओळखपत्र लटकवलेला कुणी "साधी बोट आता बारानंतर" म्हणाला, तर थांबू नका. मी थांबलो. वर दोन हजारांचे बाराशे केले म्हणून हिच्याकडे रुबाबात पाहिलं. बाराशे बाट म्हणजे आपले तीन हजारांच्या वर, तेही जेमतेम अर्ध्या तासाचे. शेपटाला गाडीचं इंजिन लावलेली ती लांबोडकी होडी, कानठळ्या बसवणारा आवाज, तोंडावर नदीचं पाणी. आणि दहाव्या मिनिटाला बाजूने नारिंगी झेंड्याची साधी बोट गेली, माणसांनी खच्चून भरलेली. ही काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. उतरताना धक्क्यावरच्या बाईने उतरण्याचे म्हणून माणशी वीस बाट वेगळे घेतले.

तर नीट ऐका. स्कायट्रेनने सफान ताक्सिनला उतरा, २ नंबरच्या दारातून बाहेर या, साथोर्नचा धक्का समोरच आहे. नारिंगी झेंडा शोधा. कुठेही उतरा, १६ बाट. तिकीट बोटीतच मिळतं: कंडक्टरबाई पत्र्याची नळी खुळखुळवत येते, तिच्यातच सुटे पैसे आणि तिकिटांची गुंडाळी. निळ्या झेंड्याची बोट पर्यटकांची. ती फसवणूक नाही, पण भाडं कितीतरी जास्त आणि खिडकीवरचे लोक तीच गळ्यात मारतात. संध्याकाळनंतर मात्र नारिंगीच्या भरवशावर राहू नका.

राजवाड्यासाठी 'ता चांग' धक्क्यावर उतरायचं, 'वाट फो' देवळासाठी 'ता तिएन'ला. ता तिएनहून ५ बाटमध्ये तरीने पलीकडे 'वाट अरुण' देऊळ. राजवाड्याच्या भिंतीपाशी एक गृहस्थ म्हणाले, "आज एक वाजेपर्यंत बंद." तोवर मी शहाणा झालो होतो. सरळ दारापर्यंत गेलो, उघडंच होतं. तिकीट ५०० बाट, सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन. साडेआठलाच जा, अकरानंतर ती फरशी तव्यासारखी तापते. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. माझी थ्री-फोर्थ चालली नाही, बाहेरून हत्तींची विजार घ्यावी लागली. राजवाडा एकदा बघावा. वाट फोचा ४६ मीटरचा निजलेला बुद्ध मात्र मी पुन्हा बघायला जाईन.

दुसरा दिवस चतुचक बाजारात गेला, छान गेला. तो शनिवार-रविवारी भरतो, एवढं बघून तारखा ठरवा.

टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा: नाही. टॅक्सी मीटरनेच, ३५ बाटपासून सुरू होते. मीटर टाकत नसेल तर उतरा, मागे दुसरी असतेच. सुवर्णभूमी विमानतळावरून शहरातल्या फया थाई स्टेशनपर्यंत रेल्वे ४५ बाट. थायलंडला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचा डिजिटल फॉर्म भरायचा असतो, तो सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी पानं शोधताना आधी दिसतात. माझ्या मेव्हण्याने भरले.

शेवटच्या संध्याकाळी ता तिएनहून साथोर्नला परत आलो, दोघांचे ३२ बाट. ती तिकिटं हिने पर्समध्ये ठेवली आहेत. पाहुणे आले की काढते.