पोन्झूतील ‘झू’

पुण्यातील एका जपानी उपाहारगृहात नव्याने रुजू झालेल्या मुलांना तिथले जिन्नस समजावून देण्यासाठी जपानहून मुख्य आचारी आले होते आणि मी त्यांची दुभाषी होते. सोया सॉस, मिसो, मिरिन हे भराभर झाले. काम थांबले ते पोन्झू या आंबट जपानी सॉसच्या बाटलीपाशी. तिच्यावर ‘पोन’ ही अक्षरे काताकानात, म्हणजे परकीय शब्दांसाठी वापरतात त्या लिपीत होती आणि पुढे व्हिनेगरचे कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेले, चिन्ह होते, ज्याचा एरवीचा उच्चार ‘सु’. हे सांगताच एका मुलाने विचारले, “मॅडम, ‘सु’ म्हणजे व्हिनेगर, तर मग ‘पोन’ कशाचे?” मी प्रश्न जपानीत सांगितला, तेव्हा आचारी म्हणाले की हे तुम्हीच समजावून सांगा.

खरे म्हणजे या शब्दाची तशी फोडच होत नाही. १६४१ पासून डचांची वखार नागासाकीच्या देजिमा बेटावर होती आणि मद्यात लिंबाचा रस व साखर घालून केलेल्या पेयाला, म्हणजे इंग्रजीतील ‘पंच’ला, डच भाषेत ‘पॉन्स’ म्हणतात. जपानी तोंडी त्याचे ‘पोन्सु’ झाले आणि अर्थ पेयावरून आंबट फळांच्या रसाकडे सरकला; रस आंबट आणि शेवटचा उच्चार ‘सु’, म्हणून तिथे व्हिनेगरचे चिन्ह बसवले गेले आणि ‘सु’चे ‘झु’ झाले. त्या रसात सोया सॉस मिसळला की पूर्ण नाव ‘पोन्झू शोयू’, पण बोलताना ‘शोयू’ गळते.

सतराव्या शतकात सुरत-मुंबईत राहिलेला ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याने ‘पंच’ हे नाव पाच जिन्नसांवरून, आपल्याकडच्या ‘पाच’वरून आल्याचे लिहून ठेवले आहे. मुलांना हे फार आवडले. मात्र ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही आणि काही अभ्यासक तो शब्द दारूच्या पिंपाच्या इंग्रजी नावाशी जोडतात, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगितले, कारण आपल्या सोयीची व्युत्पत्ती अधिक कसोशीने तपासली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

मग त्याच मुलाने विचारले, “शाकाहारी गिऱ्हाइकाला हे चालेल का?” मी मागची घटकयादी वाचली. तिच्यात सोया सॉस, फळांचा रस आणि व्हिनेगर यांच्याबरोबर कात्सुओबुशीचा, म्हणजे उकडून, धुरी देऊन सुकवलेल्या माशाचा, अर्क होता. फळीवर लावायच्या पट्टीवर आम्ही ‘पोन व्हिनेगर’ असे न लिहिता ‘पोन्झू : आंबट फळांचा रस घातलेला सोया सॉस, यात मासे आहेत’ असे लिहिले.