पाच वेळा तोच उतारा

मी लहानपणापासून अडखळत बोलतो. तिशीत इंदूरलाच स्पीच थेरपी सुरू केली, तेव्हा मॅडमनी पहिल्यांदा एक छापील उतारा हातात दिला. म्हणाल्या, “हा मोठ्यानं वाचा. सलग पाच वेळा.” मी अडकेन तिथं त्या पेन्सिलीनं खूण करत होत्या. पहिल्या वाचनात कागद खुणांनी भरला. दुसऱ्यात बऱ्याच कमी झाल्या, तिसऱ्यात आणखी. पुढं फारसा फरक नाही. असं बहुतेक अडखळणाऱ्यांचं होतं. १९३०च्या दशकात आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन यांनी हे मोजून ठेवलंय. मनातल्या मनात वाचून मात्र तेवढा उपयोग होत नाही. जीभ, ओठ आणि गळ्याला ती हालचाल करावीच लागते.

उरलेल्या खुणा पुन्हा पुन्हा त्याच शब्दांवर होत्या. का, ते पुढच्या सेशनला कळलं. मॅडमनी दोन छोटे उतारे दिले. एकात ‘माझी आई मामाला घेऊन गावी गेली’ अशी वाक्यं, दुसऱ्यात ‘काकांनी तात्यांकडे पत्र पाठवलं’ अशी. पहिला मी जवळजवळ न थांबता वाचला. दुसऱ्यात ‘का’वरच अडकलो.

“गळ्याला बोट लावून वाचा बघू.”

म, झ, ग, ल म्हणताना बोटाखालचा कंप चालूच राहतो. क, त, प, ठ आले की तो थांबतो आणि पुढच्या स्वराला लगेच पुन्हा सुरू करावा लागतो. तेच आम्हाला जड जातं. अ‍ॅडम्स आणि रीस या संशोधकांनी १९७१ मध्ये असेच दोन प्रकारचे उतारे वाचून घेतले होते. सगळे घोष वर्ण, म्हणजे गळ्यातला कंप चालू ठेवणारे वर्ण, असलेल्या उताऱ्यात अडखळणं कमी होतं, आणि पुन्हा पुन्हा वाचताना ते लवकर घटलंही. माझं आडनाव ‘प’वरून आहे. फोनवर ते ओठांतच अडकायचं आणि पलीकडचा माणूस “आवाज़ नहीं आ रही” म्हणून फोन ठेवून द्यायचा. इतकी वर्षं मी याला भित्रेपणा समजत होतो. ऐकून फार हलकं वाटलं.

रामबागेतल्या आमच्या मंडळाचा अहवाल वाचायचं माझ्याकडं आलं, तेव्हा विचारलं, “‘पदाधिकारी’ काढून ‘मंडळी’ घालू?”

“शब्द बदलू नका. ओठ अलगद टेकवा, दाबू नका.”

वाचून वाचून आलेला सफाईदारपणा दुसऱ्या दिवशी टिकत नाही, म्हणून कार्यक्रमाच्याच दिवशी दुपारी आईला समोर बसवून अहवाल पुन्हा पुन्हा वाचला. संध्याकाळी मंडळात ‘पदाधिकारी’ला थांबलो, पण तोच शब्द म्हणून पुढं गेलो.

फोनवर अशी आधीची वाचनं मिळत नाहीत. म्हणून सध्या मॅडम समोर बसून अनोळखी दुकानांना फोन लावायला लावतात, आणि सुरुवात आडनावानं करायची.