शिरोरेषा सरळ आली! पुणे शेडच्या डब्ल्यूडीएम-२ वर डेकल

पुणे शेडच्या, म्हणजे पुण्याच्या इंजिन-आगाराच्या, डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं छोटं मॉडेल मी बनवतोय. मागच्या नोंदीत रंगकाम संपवून थांबलो होतो, आता डेकल, म्हणजे पातळ फिल्मवर छापलेली, पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरं. एचओ स्केल, म्हणजे खऱ्या इंजिनाच्या १/८७ आकाराचं. शेल, म्हणजे वरचं कवच, थ्रीडी प्रिंट केलेलं, खाली अल्को या अमेरिकन कंपनीच्या इंजिनाच्या मॉडेलची चासी. डब्ल्यूडीएम-२ चं मूळ डिझाइन अल्कोचंच. पहिली इंजिनं १९६२ साली तिथूनच आली, १९६४ पासून ती वाराणसीत बनू लागली. त्यामुळे तीन आसांची, असमान अंतराची ती खास बोगी (डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा) मला आयती मिळाली. गेरव्या अंगावरचा फिकट पिवळा पट्टाही मनासारखा जमला. पण कॅबवर ‘पुणे’ लिहिलेलं दिसत नाही, तोवर ते माझ्यासाठी पुरतं इंजिन नव्हतंच. लहानपणी कोयना एक्सप्रेसने जाताना पुण्यात विजेचं इंजिन निघून डिझेल लागायचं, तेव्हा बाबा मला फलाटाच्या टोकापर्यंत घेऊन जायचे. तिथे उभं राहून मी कॅबवरची अक्षरं लावून लावून वाचायचो. तीच अक्षरं मला हवी आहेत.

पहिली अडचण पांढऱ्या रंगाची. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, तो कागदाचाच पांढरा वापरतो. पारदर्शक फिल्मवर अर्थातच तो चालत नाही. म्हणून पांढरा टोनर असलेल्याकडून शीट छापून घेतली. पहिल्या शीटवरचा थर पातळ निघाला आणि गेरव्यावर अक्षरं गुलाबी दिसू लागली. एकावर एक दोन डेकल चढवून पाहिली, पण दुसरं केसभर सरकलं आणि शिरोरेषा दुहेरी दिसायला लागली. तो नाद सोडला. दुसरी शीट दाट पांढऱ्यात छापून आणली, ती उत्तम आहे.

मग ग्लॉस. मॅट रंगाचा पृष्ठभाग खरखरीत असतो. फिल्मखाली हवा अडकते आणि अक्षराभोवती चंदेरी चकाकी येते. प्रिंटच्या थरांच्या बारीक रेघा शिल्लक असतील तर आणखीच. त्यामुळे आधी ८०० मग १५०० चा पॉलिश पेपर ओला करून हलका फिरवला आणि ग्लॉस लॅकरचे दोन हात दिले. पावसाळी हवेत पहिल्याच हाताला पांढरट धुकं धरलं. पाऊस उघडलेल्या दुपारी थिनरचा अगदी हलका फवारा मारल्यावर ते विरलं. पुढचा हात त्याच दुपारी उरकला आणि दोन दिवस शेलकडे बघितलंही नाही.

आता खरी गोष्ट. परदेशी मार्गदर्शनात अक्षरांच्या खाली टेप लावून तिच्यावर डेकल टेकवायला सांगतात. इंग्रजी अक्षरं तळाच्या रेषेवर उभी असतात, तिथे ते बरोबर आहे. आपली अक्षरं वरून टांगलेली. ‘पुणे’ घ्या: प ला खाली उकार, ण ला वर मात्रा. तळ धरून लावायला गेलं तर नजर उकारावर अडकते आणि रेषा कलते. शिवाय शिरोरेषा ही स्वतःच पट्टी आहे, कललेली लगेच दिसते. खऱ्या इंजिनावर २० सेंटिमीटरचं अक्षर धरलं तर माझ्याकडे ते २.३ मिलिमीटरचं, आणि रेषेची जाडी साधारण ०.३. म्हणून मी टेप शिरोरेषेच्या वर लावली, मात्रेला जागा सोडून. डेकल तरंगत असतानाच रेषेच्या दोन्ही टोकांपासून टेपपर्यंतचं अंतर भिंगातून सारखं करून घेतलं.

फिल्म कापतानाही हेच ध्यानात ठेवलं. अक्षराला चिकटून कापायची नाही, उकाराखाली आणि मात्रेवर मिलिमीटरभर सोडायची, कोपरे गोल करायचे. पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग फिल्मच्या कडेला राहतात. भिजल्यावर डेकल कागदासकट चिमट्याने जागेवर नेलं आणि ओल्या ब्रशने अलगद सरकवलं. खाली मायक्रो सेट, म्हणजे डेकल नीट चिकटायला मदत करणारं द्रावण, आधीच लावून ठेवलं होतं. पाणी कापसाच्या काडीने टिपताना वरून दाबायचं, ओढायचं नाही. ओढलं की शिरोरेषा ताणली जाते आणि प आणि ण यांच्यामध्ये तुटते. माझं एक ‘पुणे’ असंच गेलं.

पुढे मायक्रो सोल, म्हणजे फिल्म मऊ करणारं द्रावण. लावल्यावर दोन मिनिटांत फिल्म सुरकुतते आणि हात शिवशिवतात. अजिबात हात लावू नका. रात्रभरात ती आपोआप कॅबच्या रिव्हेटवर बसली, सकाळी प्रत्येक रिव्हेट अक्षरातून वर आलेला दिसत होता. एका ठिकाणी बुडबुडा राहिला होता. सुईच्या टोकाने टोचून सोलचा एक थेंब सोडला, तोही बसला.

आजची स्थिती अशी: डावी बाजू पूर्ण, ‘म.रे.’ (मध्य रेल्वे) आणि ‘पुणे’ एका रेषेत. समोरचा नंबर झाला, पाचही आकडे एकाच फिल्मवर होते म्हणून सोपा गेला. उजवी बाजू बाकी आहे. फूटप्लेटच्या (इंजिनाच्या बाजूने चालायच्या पट्टीच्या) कडेचे हँडरेल मुद्दाम लावलेले नाहीत, ते आधी लावले असते तर ब्रश कॅबपर्यंत पोचलाच नसता. उजव्या बाजूचं ‘पुणे’ शीटवर एकच उरलं आहे. ते रविवारी सकाळी, उजेड चांगला असताना लावणार. मॅटचा हात मात्र पाऊस सरल्यावरच.