‘तुझं म्हणणं असं आहे का?’

आमच्या जुन्नर भागात वक्तृत्व स्पर्धा म्हटली की पाठांतर आलंच. भाषण बाई लिहून देणार, हातवारे घरी आरशासमोर बसवले जाणार, आणि मध्ये एक वाक्य विसरलं की मूल रडवेलं होऊन खाली उतरणार. वादविवाद स्पर्धेतही तेच. अनुकूल बाजू आपलं म्हणून जाते, प्रतिकूल बाजू आपलं. दुसऱ्याचं कुणी ऐकलेलंच नसतं. मला हे फार खटकतं. म्हणून सातवीच्या वर्गात मी भाषणं बाजूला ठेवून खेळ सुरू केले.

पोरांचा लाडका खेळ चिंचोक्यांचा. प्रत्येकाला तीन चिंचोके. एकदा बोललं की एक मधल्या ताटलीत टाकायचा, संपले की फक्त ऐकायचं. एरवी चार-पाच जणच सगळा तास खातात. आता तेही पहिला चिंचोका टाकायच्या आधी विचार करतात. शेवटी मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलीकडे तिन्ही शिल्लक राहतात आणि सगळा वर्ग तिच्याकडे वळतो. अशा वेळी मी मध्ये पडत नाही. तिला लागेल तेवढा वेळ लागू दे.

दुसरा नियम जुन्या शास्त्रचर्चेतला आहे. तिथे आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं मांडायचं, खंडन त्यानंतर. आमच्या वर्गात उत्तर देण्याआधी ‘तुझं म्हणणं असं आहे का?’ असं विचारून समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगावा लागतो. तो ‘हो’ म्हणाला तरच पुढे जायचं. गुणही मी यालाच देते.

विषय मात्र गावातला हवा. ‘विज्ञान शाप की वरदान’ दिला की पोरं निबंध म्हणायला लागतात. मी फळ्यावर लिहिलं, ‘बिबट्याला पकडून लांब सोडावं.’ इथे उसात बिबटे वाढतात, तोड सुरू झाली की बछडी सापडतात, माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. याविषयी मत नाही असं घर नाही.

एक मुलगा उठला. ‘आमची शेळी नेली. आज शेळी, उद्या आमचा बारका.’

समोरची मुलगी म्हणाली, ‘तुझं म्हणणं असं आहे का, की शेळीची भरपाई पाहिजे?’

‘नाही.’

‘मग बिबट्या वाईट असतो, असं?’

‘नाही गं.’

ती जरा थांबली. ‘तुला बारक्याची काळजी वाटते.’

‘हो.’

‘मग लांब सोडला तर तिथल्या बारक्यांचं काय?’

वर्गात एकच गलका झाला. जुन्नरच्या बिबट्यांवर अभ्यास करणाऱ्यांना जे दिसलं, त्याच्या अगदी जवळ ती पोचली होती. इथे २००१ मध्ये बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला मोठ्या प्रमाणावर सुरुवात झाली. त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, नंतरच्या काळात ते १७ वर गेले. हे आकडे मी तिला मुद्दाम वादानंतर सांगितले. आधी सांगितले असते तर तिने तेच पाठ केले असते.

मग मी टाळी वाजवली. टाळी वाजली की बाजू बदलायची. आता शेळीवाल्या मुलाला बिबट्या इथेच राहू द्यावा असं मांडायचं होतं. तो बराच वेळ चिंचोका बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘शेतीची लाईट दिवसा द्या. रात्री लाईट येते म्हणून पप्पा अंधारात मोटर चालू करायला जातात. बिबट्याची गाठ तेव्हाच पडते.’ दोन्ही बाजूंच्या डोक्यात नसलेला मुद्दा होता हा, आणि तो त्याच्याच घरातला होता.

या दोघांना मी यंदा तालुक्याच्या स्पर्धेला पाठवतेय. पालकांनी दोनदा विचारलं, भाषण कधी देताय लिहून? भाषण नाहीच. दोघांच्या वहीत समोरची बाजू काय काय म्हणेल तेवढंच लिहिलंय, आणि त्यात घरच्यांना विचारून भर घालायला सांगितलंय.