बाप्पा आले, पन्नास टक्केही आले
२७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या बंद, कामगार गावाकडे. आमच्या फाउंड्रीची (बिडाच्या ओतकामाचा कारखाना) एक्स्पोर्टची कागदपत्रं मी बघतो, त्यामुळे सोवळ्यात असूनही मोबाईल हातात होता. आपल्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ३१ मिनिटं झाली की, म्हणजे तिकडे अमेरिकेत मध्यरात्र उलटताच, तिथे जाणाऱ्या भारतीय मालावर जादा २५ टक्के जकात बसणार होती. आधीचे २५ धरून ५०. कारण काय, तर आपण रशियाचं तेल घेतो. आपल्यापेक्षा जास्त घेणाऱ्या चीनला त्यापायी काही नाही!

मालक खुशीत होते. आमचा कंटेनर न्हावा शेव्याला २४ तारखेलाच जहाजावर चढलेला. ‘‘बी.एल. झालं की ओ, सुटलो बघा आपण,’’ (बी.एल. म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती) म्हणत त्यांनी आरतीला बोलावलं.

मी अमेरिकी कस्टम्सची नोटीस पुन्हा उघडली. मुदतीआधी चढलेल्या मालाला सूट, एवढंच सगळ्यांच्या तोंडी होतं. त्याच वाक्यात पुढे दुसरी अट होती: तोच माल १७ सप्टेंबरच्या आत तिकडच्या कस्टममध्ये दाखल व्हायला हवा. इथून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जहाज महिनाभर तरी घेतं, तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घातला तर आणखी जास्त. विमानाचं तर नावच नको; बिडाच्या वजनाला भाडं मालाच्या वर जातं.

आरती झाल्यावर मालकांना स्क्रीन दाखवली. मोदकाची ताटली खाली ठेवून त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. ‘‘म्हणजे चढलं ते फुकटच?’’

हा माल घेणारं अमेरिकी गिऱ्हाईक आमच्याकडे आलं तेच चीनमुळे. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी चिनी मालावर २५ टक्के लावले, तेव्हा या गिऱ्हाइकाने आपले पॅटर्न (ओतकामाचे नमुने) चीनमधून उचलून बेळगावला पाठवले होते. त्या वर्षी आम्ही पेढे वाटले होते.

संध्याकाळी त्याच गिऱ्हाइकाचा मेल आला: जकातीचा निम्मा बोजा तुम्ही दरात सोसा. शंभराच्या मालावर पन्नास जकात, त्यातले पंचवीस आमचे; आणि आमचा नफाच शंभरामागे दहा-बारा. मालकांनी पाच मान्य केले. रात्रपाळी दसऱ्यापर्यंत बंद ठेवायची, हेही तिथेच ठरलं.