आमारोनेच्या माळ्यावर

आमच्या तासगाव भागात द्राक्षाला दोन वाटा. एक पेटीत भरून बाजाराला, दुसरी बेदाण्याच्या शेडवर. शेडवर आलेले घड डिपिंगच्या द्रावणात बुडवायचे, जाळ्यांवर पसरायचे आणि बारा-पंधरा दिवस आभाळाकडे बघत राहायचं. फेब्रुवारी ते एप्रिल हे आमच्या घराचे जागरणाचे महिने. अवकाळी पावसाचा ढग दिसला की आण्णांचं जेवणात लक्ष नसायचं. म्हणून इटलीत वेरोनाजवळ वाळवलेल्या द्राक्षांची आमारोने नावाची रेड वाइन करतात हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हाच ती जागा बघायची ठरवलं होतं. गेल्या नोव्हेंबरात जमलं. बॅगेत घरचा अर्धा किलो बेदाणा घेतला आणि निघाले.

थेट वेरोनाला गेले नाही. न वाळवलेल्या द्राक्षाची वाइन आधी नीट चाखल्याशिवाय वाळवल्याने काय बदललं हे कळणार कसं? म्हणून मिलानहून आधी आल्बा गाठलं. पिएमाँत प्रांतातलं हे लहान गाव लांगेच्या टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. बसने ला मोर्राला चढताना खिडकीबाहेर फक्त धुकं होतं. धुक्याला इटालियनमध्ये ‘नेब्बिया’ म्हणतात आणि इथल्या द्राक्षाचं नाव नेब्बियोलो. हे द्राक्ष उशिरा, ऑक्टोबरात पिकतं, तेव्हा या टेकड्यांवर धुकं उतरू लागलेलं असतं. नाव त्यावरूनच पडलं असं इथे बहुतेकजण सांगतात.

बारोलो ही रेड वाइन याच नेब्बियोलोची. पेला समोर आला तेव्हा मी थोडी खट्टू झाले, कारण रंग फिका होता, पेल्यातून पलीकडचा हात दिसत होता आणि कडेला विटकरी झाक होती. वास मात्र गुलाबाचा आणि त्याच्या मागे तापलेल्या डांबराचा. पहिल्या घोटाने हिरड्या आवळल्या. लहानपणी खोकल्याला हिरडा चघळायला द्यायचे, अगदी तसा तुरटपणा. ओतणाऱ्या बाई काहीच बोलल्या नाहीत, फक्त तायारिनची बशी पुढे सरकवली. भरपूर पिवळा बलक घालून मळलेल्या, केसासारख्या बारीक शेवया, वर मटणाचा रस्सा. दोन घास खाऊन पुन्हा घोट घेतला तर तीच वाइन मऊ झाली होती. सालीतून उतरलेलं टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरतं म्हणून तोंड कोरडं पडतं. जेवणातली प्रथिनं आणि स्निग्धपणा मिळाला की त्याचा जोर तिकडे खर्च होतो. बारोलो नुसती चाखून तिच्याबद्दल मत बनवू नये, हे मी त्या टेबलावर शिकले.

ही वाइन किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडात. रिझर्वा म्हणायचं तर 62 महिने. त्याच बाईंनी मग एकाच सालच्या दोन बारोलो शेजारी ठेवल्या, एक ला मोर्राची, दुसरी समोरच्या रांगेतल्या सेर्रालुंगाची. मध्ये काही किलोमीटरच अंतर आहे, पण माती वेगळी. ला मोर्राची लवकर बोलती होते, सेर्रालुंगाची अजून दहा वर्षं तरी मूठ उघडणार नाही असं वाटलं. द्राक्षाची सोनाका जात काळ्या मातीतली आणि मुरमाडावरची चवीला एक नसते हे माहीत असलेल्या माणसाला यात नवल नाही, तरी बाटलीत इतकं स्पष्ट भेटेल असं वाटलं नव्हतं. गावातले लोक रोजच्या जेवणाला मात्र बारोलो काढत नाहीत. त्यांच्या टेबलावर दोल्चेत्तो असते किंवा आंबटसर, फारशी तुरट नसलेली बार्बेरा. दोल्चेत्तो म्हणजे ‘लहानशी गोड’, पण वाइन अजिबात गोड नाही.

मोदेनाला एकच संध्याकाळ होते. तिथली लांब्रुस्को म्हणजे फेसाळणारी रेड वाइन, थंड करून देतात. 1970 आणि 80च्या दशकात तिचा गोडसर प्रकार अमेरिकेत प्रचंड खपला आणि बाहेरच्या जगात तिचं तेच नाव झालं. गावात पितात ती कोरडी, म्हणजे गोड नसलेली. सोर्बाराची फिकी गुलाबी, लिंबासारखी आंबट. कास्तेल्वेत्रोकडच्या ग्रास्पारोस्सा द्राक्षाच्या लांब्रुस्कोचा रंग पिकल्या जांभळाचा, फेससुद्धा जांभळा. सोबत न्योक्को फ्रित्तो आलं, डुकराच्या चरबीत तळलेली, आपल्या पुरीसारखी टम्म फुगलेली चौकोनी पिठाची तुकडी, वर मोर्तादेल्लाचा पातळ काप. इतकं तुपकट खाणं त्या बुडबुड्यांनी जिभेवरून धुऊन निघत होतं. या प्रांतात ही वाइन का टिकली हे एका घासात कळतं.

फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या किआंतीत दोन दिवस काढले. तिथलं द्राक्ष सान्जोवेसे. बाटलीच्या मानेवर काळा कोंबडा दिसला की ती किआंती क्लासिको आणि तिच्यात किमान 80 टक्के सान्जोवेसे. या भागाची हद्द 1716 साली ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोझिमोने फर्मान काढून आखली होती. चव आंबट चेरीची, आमसुलाच्या जवळ जाणारी, शेवटाला तुरट. माझ्या जिभेला सगळ्यात ओळखीची हीच लागली. दक्षिणेला मोंताल्चिनोत हेच द्राक्ष एकटं वापरून ब्रुनेल्लो करतात, ती तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या जानेवारीआधी विकता येत नाही. सान्जोवेसे आपल्याकडेही आहे. अकलूजच्या फ्रातेल्ली वाइनरीने सोलापूर जिल्ह्यात ती लावली. ‘फ्रातेल्ली’ म्हणजे भाऊ, आणि सेच्ची, सेखरी, मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून ती कंपनी उभी केली. दोन्हीकडचं हवामान इतकं वेगळं, तिकडे तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च, तरी अकलूजच्या त्या वाइनमध्ये हा आमसुली आंबटपणा मला भेटलेला आहे.

शेवटी वेरोना. तिथून वायव्येला अर्ध्या तासावर वालपोलिचेल्लाची खोरी सुरू होतात. फुमानेच्या रस्त्यावर पहिली बाग दिसली आणि मी गाडी थांबवायला सांगितलं. मांडव! लांगेत, किआंतीत सगळीकडे उभ्या तारांवर वेली होत्या. इथे डोक्यावर पसरलेला मांडव, खाली सावली. त्याला पेर्गोला म्हणतात. आमच्याकडे आता वाय आकाराच्या आधाराची पद्धत जास्त दिसते, पण मी ज्या सावलीत अभ्यास केला ती मांडवाचीच होती.

वाइनरी लहान, घरची. मालकाच्या मुलाने जिन्याने वर माळ्यावर नेलं. याला फ्रुत्तायो म्हणतात. दोन्ही बाजूंना खिडक्या आणि छतापर्यंत एकावर एक थर. जुन्या पद्धतीचे थर बांबूचे, त्यांना आरेले म्हणतात. आता बरेचजण उथळ क्रेट वापरतात, इथे दोन्ही होतं. त्यावर कोर्विना, कोर्विनोने आणि रोंदिनेल्लाचे घड एकेरी मांडलेले, घडाला घड लागणार नाही असे. वास ओळखीचा होता. पिकलेला, किंचित मधाचा, खाली थोडी धूळ. मला काही क्षण बोलता आलं नाही.

आमच्याकडे द्रावणाने सालीवरचा मेणाचा थर सैल होतो, कडक ऊन तापवतं, वारा पाणी ओढून नेतो. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा. इथे कसलंही द्रावण नाही. थंड हवेत घड आपल्या मर्जीने शंभर-सव्वाशे दिवस सुकतो आणि वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक गेला की थांबवतात. आपण जिथे मध्यावर असतो तिथे यांचं काम संपतं. हळू सुकताना दाणा आतून बदलत राहतो, नुसती साखर दाट होत नाही. मग जानेवारीच्या थंडीत ते चुरडून आंबवायला ठेवतात आणि ती जवळजवळ सगळी साखर यीस्टने संपवली की आमारोने. अल्कोहोल 14 टक्क्यांच्या खाली चालत नाही, बहुतेक 15-16 पर्यंत जातं.

साखर संपू न देता मध्येच थांबवलं तर गोड रेचोतो. मूळ परंपरा तीच. एक पिंप विसरून राहिलं, त्यातली गोडी आंबून संपली आणि ‘कडू’ या अर्थाच्या आमारो शब्दावरून आमारोने झाली, ही गोष्ट इथल्या प्रत्येक तळघरात सांगतात. आमारोने काढल्यावर उरलेल्या चोथ्यावर साधी वालपोलिचेल्ला पुन्हा मुरवली की रिपासो. चोथाही वाया घालवत नाहीत.

खाली येऊन चाखली. मनुका, सुकं अंजीर, कोको, आणि इतक्या दाट चवीच्या शेवटी खरंच बारीकसा कडवटपणा. मी बेदाण्याची पिशवी काढली. त्या मुलाने चार दाणे तोंडात टाकले, चावले, किती दिवस लागतात विचारलं. पंधरा म्हटल्यावर त्याने डोळे मोठे केले आणि अजून मूठभर घेतले. त्याने ओतलेली रेचोतो मी त्या बेदाण्यासोबत प्यायले.

तिथले बारा वाजले होते, तासगावला साडेचार. आण्णांना व्हिडिओ कॉल लावून पुन्हा माळ्यावर गेले. आण्णा दारूला शिवत नाहीत, वाइनबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. फोन थरांवरून हळूहळू फिरवायला लावला आणि म्हणाले, “वारं कुठनं घेत्यात?”

मी विचारून सांगितलं. कोरडी हवा असली की दोन्हीकडच्या खिडक्या उघडतात, धुकं आलं की बंद करून आत पंखे लावतात, नाहीतर बुरशी धरते.

“मग रातच्याला उठावं लागत असंल की.”

ते मी त्या मुलाला इंग्रजीत सांगितलं. तो हसला नाही, त्याने मान हलवली आणि माळ्याच्या कोपऱ्यातली घडीची खाट दाखवली. आण्णांनी ती नीट बघता यावी म्हणून मला दोन पावलं पुढे जायला सांगितलं.